तारा कोणता, ग्रह कोणता: आकाशात ओळखण्याची रीत आणि त्यामागचं नातं

सूर्य मावळल्यावर पश्चिमेला सगळ्यात आधी उमटणारा झगझगीत ठिपका बहुतेक वेळा तारा नसतो, शुक्र असतो. मध्यरात्री डोक्यावर येणारा, शांतपणे तेवणारा पिवळसर पांढरा ठिपका बऱ्याचदा गुरू निघतो. अंधाऱ्या जागेतून एका वेळी दोन-अडीच हजार तारे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. त्यांच्यात सहज दिसणारे ग्रह पाचच: बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी. हे पाच हुडकायचे कसे, याची एक पक्की रीत आहे. ती शिकता शिकता प्रत्येक खूण का लागू पडते हेही कळत जातं, आणि मला तो भाग ओळखण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. आकाशात दिसणारा जवळजवळ प्रत्येक फरक ग्रहांच्या त्यांच्या ताऱ्याशी, म्हणजे सूर्याशी असलेल्या नात्यातून आला आहे.

पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. मोबाइलमधलं आकाशाचं ॲप उघडायची घाई करू नका. ते शेवटी, ताळा पाहण्यापुरतं. आधीच नाव कळलं की डोळा बघायचं सोडून देतो.

पहिली पायरी: वाट शोधा

ग्रह आकाशात कुठेही भटकत नाहीत. वर्षभरात सूर्य ताऱ्यांमधून ज्या वाटेने सरकताना दिसतो ती वाट म्हणजे क्रांतिवृत्त, आणि ग्रह नेहमी तिच्या आसपासच सापडतात. शनीची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी अडीच अंशांनी कललेली आहे, गुरूची १.३ अंशांनी, मंगळाची १.९ अंशांनी. पाचांपैकी सर्वात जास्त कल बुधाचा, तोही फक्त ७ अंशांचा.

वाट शोधायला चंद्राची मदत घ्या. चंद्र क्रांतिवृत्तापासून ५ अंशांहून फारसा दूर जात नाही. सूर्य जिथे मावळला ती जागा आणि चंद्र यांना जोडणारी मोठी कमान मनात आखा आणि ती तशीच पुढे न्या. चंद्र नसेल तर वाटेजवळचे ठळक तारे ओळखून ठेवा: रोहिणी, पुनर्वसू, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा. यातली मघा जवळजवळ वाटेवरच आहे. उत्तर गोलार्धातल्या बहुतेक ठिकाणांहून ही कमान दक्षिणेकडे झुकलेली दिसते, दक्षिण गोलार्धातून उत्तरेकडे.

या एका पायरीने आकाशाचा बराचसा भाग बाद होतो. सप्तर्षींमध्ये, शर्मिष्ठेत किंवा अभिजितजवळ ठळक ग्रह कधीच दिसणार नाही. व्याध कितीही झगमगला तरी तो क्रांतिवृत्तापासून सुमारे ४० अंश दूर आहे, म्हणजे त्याच्या बाबतीत शंकेला जागाच नाही.

दुसरी पायरी: लुकलुक बघा, पण जपून

तारे लुकलुकतात, ग्रह लुकलुकत नाहीत, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. नियम खरा आहे, पण एकट्या त्याच्यावर विसंबलं तर फसगत होते.

तारे इतके दूर आहेत की डोळ्याला ते निव्वळ बिंदू असतात. मृग नक्षत्रातला काक्षी हा अवाढव्य तारा, तरी त्याची आकाशातली रुंदी साधारण ०.०५ विकला भरते (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). गुरूची तबकडी ३० ते ५० विकलांची, म्हणजे जवळपास हजारपट रुंद. वातावरणात कमीजास्त घनतेच्या हवेचे थर सतत हलत असतात आणि त्यांच्यातून येणारा प्रकाश क्षणोक्षणी किंचित वळतो. बिंदूचा प्रकाश वळला की तो सगळाच्या सगळा वळतो, म्हणून तेज खालीवर होतं. ग्रहाच्या तबकडीवरचे अनेक बिंदू एकाच वेळी पण वेगवेगळ्या चालीने थरथरतात, आणि एकूण बेरीज स्थिर राहते.

नियम कुठे ढळतो? क्षितिजाजवळ. तिथे प्रकाश हवेच्या फार जाड थरातून येतो, त्यामुळे ग्रहही थरथरताना दिसतात. बुध तर जवळजवळ नेहमी क्षितिजालगतच असतो, म्हणून तो बहुधा लुकलुकतानाच दिसतो. उलट हवा शांत असेल तर माथ्यावरचा तारा अगदी स्थिर वाटू शकतो. तेव्हा ही चाचणी क्षितिजापासून किमान ३० अंश वरच्या ठिपक्यांनाच लावा. हात ताणून धरलेली मूठ साधारण १० अंशांची; तीन मुठी मोजल्या की झालं. आणि ठिपका एकटा पाहू नका. त्याच उंचीवरचा एखादा नक्की माहीत असलेला तारा निवडा आणि दोघांकडे आळीपाळीने बघा.

तिसरी पायरी: तेज आणि वेळ

खगोलशास्त्रात तेज ‘प्रती’त मोजतात, आकडा जितका लहान तितकं तेज जास्त. रात्रीच्या आकाशातला सर्वात ठळक तारा व्याध, त्याची प्रत उणे १.४६. शुक्र उणे ४ च्याही पलीकडे जातो आणि गुरू उणे १.७ ते उणे २.९ च्या दरम्यान राहतो. म्हणजे व्याधापेक्षा ठळक आणि स्थिर ठिपका दिसला तर तो शुक्र किंवा गुरू, क्वचित पृथ्वीच्या जवळ आलेला मंगळ. संधिप्रकाशात अगदी खाली असेल तर बुधाचीही शक्यता ठेवा. शनी मात्र साध्या ठळक ताऱ्यासारखाच दिसतो, त्यामुळे त्याच्यासाठी पुढची पायरी लागतेच.

वेळेची खूण तेजाहून भरवशाची आहे. बुध आणि शुक्र पृथ्वीच्या कक्षेच्या आत फिरतात, म्हणून ते सूर्यापासून फार लांब दिसूच शकत नाहीत. बुध जास्तीत जास्त २८ अंश दूर जातो, शुक्र ४७ अंश. ते संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला दिसतात. ध्रुवांकडचे प्रदेश सोडले तर मध्यरात्री कधीच नाही. मध्यरात्री वर असलेला झळाळता ठिपका शुक्र असणं शक्य नाही, हे एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धे घोळ मिटतात.

रंगावर थोडं. ताऱ्याचा रंग त्याच्या पृष्ठभागाच्या तापमानातून येतो: काक्षी तांबूस आहे कारण त्याचं तापमान सुमारे ३,५०० केल्व्हिन, मृगातलाच राजन्य निळसर पांढरा आहे कारण त्याचं १२,००० केल्व्हिनच्या आसपास. मंगळाचा तांबूसपणा मात्र त्याच्या मातीतल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे आहे. तापमानाशी त्याचा काही संबंध नाही. ज्येष्ठा आणि मंगळ जवळ आले की दोघांचा रंग इतका सारखा दिसतो की रंगावरून निवाडा करता येत नाही.

चौथी पायरी: वहीत नकाशा काढा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. बाकीच्या खुणा अंदाज देतात, ही सिद्ध करते.

संशयित ठिपका निवडा. त्याच्याभोवतीचे चार-पाच तारे शोधा आणि ठिपका त्यांच्या संदर्भात कुठे आहे ते वहीत काढा. चित्रकला यावी लागत नाही, फक्त नातं नेमकं लिहा: ‘या दोन ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या किंचित वर, डावीकडच्या ताऱ्याजवळ.’ अंतर हातानेच मोजा. ताणलेल्या हाताच्या करंगळीची रुंदी सुमारे १ अंश. तारीख आणि वेळ टाका. मग दर तीन-चार दिवसांनी त्याच ताऱ्यांसह नवा नकाशा काढा, आधीचा न बघता.

एक चूक इथे सर्रास होते. ठिपका घराच्या छपरापासून किंवा झाडापासून सरकला की तो ग्रह, असं वाटतं. पृथ्वी फिरत असल्यामुळे सगळं आकाशच तासाला १५ अंश सरकतं, आणि तारे दररोज सुमारे ४ मिनिटं आधी उगवतात. तुलना फक्त शेजारच्या ताऱ्यांशीच करायची.

किती थांबावं लागेल? शुक्र वेगात असताना दिवसाला अंशभर सरकतो, दोन-तीन दिवसांत फरक दिसतो. मंगळाला आठवडा पुरतो. गुरूला काही आठवडे द्या, शनीला महिना-दीड महिना. गुरू एका राशीत सरासरी वर्षभर असतो, शनी अडीच वर्षं. एवढ्या काळात ताऱ्यांच्या जागा डोळ्याला कळेल इतक्या बदलत नाहीत. तारेही स्थिर नाहीत. १७१८ मध्ये एडमंड हॅलीने दाखवून दिलं की व्याध, स्वाती आणि रोहिणी प्राचीन नोंदींतल्या जागेवरून हलले आहेत. पण आकाशात सर्वात वेगाने सरकणारा बर्नार्डचा तारासुद्धा पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढं अंतर कापायला सुमारे पावणेदोनशे वर्षं घेतो.

कधी कधी ग्रह थांबलेला वाटतो आणि मग उलटा चालू लागतो. हीच वक्री गती. तुम्ही नेमके त्या थांब्यावर सुरुवात केली असेल तर काही दिवस काहीच हललेलं दिसणार नाही. निष्कर्ष काढायची घाई करू नका. कारण असं: पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने जाते, मंगळ २४ किलोमीटर वेगाने. दर २६ महिन्यांनी पृथ्वी मंगळाला मागे टाकते आणि त्या दोन-अडीच महिन्यांत मंगळ ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मागे जाताना दिसतो. मंगळ प्रत्यक्षात मागे वळत नाही. तो सर्वात ठळकही याच काळात असतो, कारण तेव्हा तो आपल्या सर्वात जवळ असतो.

नकाशा वारंवार काढण्याचं महत्त्व किती, हे मोठ्या लोकांच्या नोंदींवरून कळतं. १६९० मध्ये जॉन फ्लॅमस्टीडने युरेनस पाहिला आणि वृषभ राशीतला ३४ वा तारा म्हणून यादीत टाकला. गॅलिलिओने डिसेंबर १६१२ आणि जानेवारी १६१३ मध्ये गुरूजवळ नेपच्यून टिपला, तोही तारा समजूनच. विल्यम हर्शेलने १३ मार्च १७८१ रोजी युरेनस पाहिला, तेव्हा त्याला तो बिंदूसारखा न दिसता लहानशा तबकडीसारखा दिसला. चार दिवसांनी त्याने पुन्हा पाहिलं आणि तो सरकलेला आढळला. आधी त्याला तो धूमकेतू वाटला, पण तारा नाही हे पक्कं झालं ते तबकडी आणि सरकणं या दोन गोष्टींवरून. तुम्ही करणार आहात त्याच या दोन चाचण्या.

पाचवी पायरी: द्विनेत्री लावा

१० × ५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) साधी द्विनेत्री पुरते, मात्र ती तिपाईवर किंवा भिंतीला टेकवून धरा. हात हलला तर काहीच कळत नाही. तारा द्विनेत्रीतून ठळक होतो, मोठा होत नाही. गुरू लहान चकतीसारखा दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, जवळजवळ एका रेषेत, चारपर्यंत बारीक ठिपके दिसतात: आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यालाही ते तारेच वाटले होते. रोज जागा बदलतात हे पाहून त्याचं मत बदललं. सलग आठवडाभर रोज त्यांच्या जागा काढून बघा. आयो पावणेदोन दिवसांत एक फेरी मारतो, कॅलिस्टोला जवळपास १७ दिवस लागतात. जो जवळ तो वेगवान. हा नियम पुढे कामाला येणार आहे.

शुक्र पृथ्वीच्या जवळ असताना द्विनेत्रीतून बारीक कोर दिसते. ज्याला स्वतःचा प्रकाश आहे त्याला कला नसतात. शुक्राला आहेत, म्हणजे त्याचा उजेड सूर्याचा आहे. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय मात्र द्विनेत्री पश्चिमेकडे वळवू नका. शनीच्या कड्यांसाठी ३० पट मोठं दाखवणारी लहान दुर्बीण लागेल.

आता ॲप उघडा. स्टेलॅरियमसारखं कुठलंही चालेल. तुमच्या वहीतला नकाशा आणि पडद्यावरचं आकाश जुळतं का ते पाहा.

मुळात फरक कशाचा?

‘तारे स्वयंप्रकाशी, ग्रह परप्रकाशी’ हे उत्तर अपुरं आहे. गुरू सूर्याकडून घेतो त्याहून जास्त ऊर्जा बाहेर टाकतो, फक्त ती बरीचशी अवरक्त किरणांत असते. केल्ट-९ बी नावाच्या ग्रहाची दिवसाची बाजू ४,००० अंश सेल्सिअसहून तापलेली आहे, कित्येक लाल ताऱ्यांच्या पृष्ठभागाहून जास्त. आकारही कामाचा नाही. व्याधाचा जोडीदार श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, जेमतेम पृथ्वीएवढा आहे, पण त्याचं वस्तुमान सूर्याएवढं आहे.

निर्णायक गोष्ट वस्तुमान. वस्तुमान पुरेसं असेल तर स्वतःच्या भाराने केंद्र इतकं दाबलं आणि तापलं जातं की हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांचं संमीलन सुरू होऊन हेलियम तयार होतो. सूर्याच्या केंद्रात तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे. तिथे दर सेकंदाला जवळपास ६० कोटी टन हायड्रोजनचं संमीलन होतं आणि त्यातलं सुमारे ४० लाख टन वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडतं. आतून बाहेर येणाऱ्या या ऊर्जेचा रेटा आणि आत ओढणारं गुरुत्वाकर्षण यांचा तोल म्हणजे तारा. ग्रहाच्या पोटात अशी भट्टी नसते.

सीमा कुठे आहे? सूर्याच्या सुमारे ८ टक्के वस्तुमानाला, म्हणजे गुरूच्या साधारण ८० पटीला. गुरू पृथ्वीच्या ३१८ पट, सूर्य ३ लाख ३३ हजार पट. ‘गुरू थोडा मोठा असता तर तारा झाला असता’ असं म्हणतात, पण ते थोडं म्हणजे ऐंशीपट आहे. गुरूच्या १३ ते ८० पटींच्या मध्ये तपकिरी बटू येतात: त्यांच्यात ड्युटेरियमचं, म्हणजे जड हायड्रोजनचं, संमीलन काही काळ होतं, साध्या हायड्रोजनचं टिकून होत नाही. १९९५ मध्ये असे पहिले खात्रीचे बटू सापडले. सीमेच्या जरा वर ट्रॅपिस्ट-१ आहे, सुमारे ४० प्रकाशवर्षांवर. रुंदीला गुरूहून थोडाच मोठा, तरी खराखुरा तारा, आणि त्याच्याभोवती ७ ग्रह फिरतात.

ग्रहाची खालची सीमा २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग इथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेने ठरवली. सूर्याभोवती फिरणं, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने जवळपास गोल होणं आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असणं, या तीन अटी. प्लूटो तिसऱ्या अटीत अडला.

एकाच ढगातून

पहिल्या पायरीत ग्रह एका वाटेवर सापडले ते का? सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धुळीचा एक ढग आकसला, आकसताना त्याची फिरण्याची गती वाढली आणि तो चपटा झाला. सूर्यमालेच्या आजच्या वस्तुमानातलं ९९.८६ टक्के मधोमध, सूर्यात आहे. उरलेल्या ०.१४ टक्क्यात सगळे ग्रह, चंद्र, लघुग्रह आणि आपण. तबकडी एक, म्हणून पातळीही एक. ताऱ्याजवळच्या उष्णतेत खडक आणि धातूच टिकले, तिथे बुध ते मंगळ घडले. दूर थंडीत बर्फ आणि वायू गोळा होऊन गुरू-शनी झाले. २०१४ मध्ये चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या समूहाने एचएल टॉरी या कोवळ्या ताऱ्याभोवतीची अशी तबकडी टिपली. तिच्यातली रिकामी कडी स्पष्ट दिसतात, आणि तिथे ग्रह घडत असावेत असं मानलं जातं.

आता जवळचा वेगवान हा नियम आकड्यात बघा. पृथ्वी-सूर्य अंतर १ धरलं तर गुरूचं अंतर ५.२ आणि त्याची फेरी ११.८६ वर्षांची. ५.२ चा घन करा, ११.८६ चा वर्ग करा. दोन्हीकडे १४०.६ च्या आसपास येईल. केप्लरने १६१९ मध्ये मांडलेला हा नियम शनीसाठीही करून बघा: ९.५४ आणि २९.४६. अंतर आणि फेरीचा काळ कळला की मधल्या ताऱ्याचं वस्तुमान काढता येतं. ग्रह ही ताऱ्याची तागडी आहे.

ओढ दोन्हीकडून असते. गुरूमुळे सूर्य सेकंदाला साधारण १२ मीटर वेगाने डोलतो, आणि त्या दोघांचा समाईक तोलबिंदू सूर्याच्या पृष्ठभागाच्या किंचित बाहेर पडतो. अशाच डोलण्यावरून १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांनी ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याचा ग्रह शोधला. २०१९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. काही ग्रह मात्र ताऱ्याविना अंतराळात एकटे भटकतानाही सापडले आहेत, बहुधा जन्मानंतर हुसकावले गेलेले.

दूरच्या ताऱ्यांचे ग्रह शोधायची दुसरी पद्धत अधिक्रमणाची. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचं तेज थोडं कमी होतं. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गुरूएवढा ग्रह गेला तर सुमारे १ टक्का, पृथ्वीएवढा गेला तर एका टक्क्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. आजवर सापडलेले बहुतेक परतारकीय ग्रह, म्हणजे इतर ताऱ्यांचे ग्रह, याच रीतीने कळले.

हे आपल्या ताऱ्यावर प्रत्यक्ष बघता येतं. १३ नोव्हेंबर २०३२ रोजी बुध सूर्यबिंबावरून जाईल आणि आशिया, युरोप आणि आफ्रिकेतल्या मोठ्या भागातून ते दिसेल. शुक्राचं पुढचं अधिक्रमण थेट २११७ मध्ये आहे, म्हणून ही संधी सोडू नका. बुधाचा ठिपका सूर्यबिंबाच्या सुमारे १/१९४ रुंदीचा असेल, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना ग्रहणाचा चष्मा लावून तो दिसणार नाही, दुर्बीण लागेल. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला खात्रीचा सौर फिल्टर घट्ट बसवा. नेत्रिकेला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, लावायचे छोटे फिल्टर उष्णतेने तडकतात, ते वापरू नका. मुख्य दुर्बिणीवर बसवलेल्या लहान शोधक दुर्बिणीवरही झाकण ठेवा. फिल्टर नसेल तर लहान भिंगदुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडा, आणि जवळ मुलं असतील तर नेत्रिकेपाशी एक मोठं माणूस सतत उभं राहू द्या.